टोरंटचा वेग इंटरनेट कंपनी मुद्दाम कमी करते का?

तुमचा प्रश्न असा, की बाकी सगळं नीट चालतं, टोरंटच रखडतं, तर कंपनी ते मुद्दाम अडवत असेल का? आणि नेटवर्कवरची गर्दी टाळायला अडवलं तर बिघडलं कुठे? टोरंट म्हणजे लोकांनी एकमेकांच्या संगणकांवरून फाइल तुकड्यातुकड्यांनी घेण्या-देण्याची पद्धत.

अडवू शकते, हे सिद्ध झालेलं आहे. २००७ साली अमेरिकेत रॉब टोपोल्स्की बार्बरशॉप पद्धतीची, कॉपीराइट संपलेली जुनी गाणी बिटटोरंटवर शेअर करत होते. अपलोड होईना म्हणून त्यांनी पॅकेटं, म्हणजे इंटरनेटवरून जाणारे माहितीचे छोटे तुकडे, तपासली. त्यांची इंटरनेट कंपनी कॉमकास्ट मध्येच जोडणी तोडणारी 'रीसेट' पॅकेटं घुसवत होती, तीही समोरच्या संगणकाच्या नावाने. दोन्हीकडच्यांना वाटायचं, पलीकडच्यानेच संपर्क तोडला. पुढे असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने बायबलची फाइल पाठवून पाहिली, तेव्हाही हेच घडलं.

गर्दीचं कारण अगदीच खोटं नव्हतं. केबल इंटरनेटमध्ये अपलोडची वाट अरुंद आणि आख्ख्या वस्तीत वाटलेली असते. पण एफसीसीने (अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने) ऑगस्ट २००८ मध्ये निर्णय दिला तेव्हा दिसलं, की गर्दी नसतानाही अडवणूक चालूच होती. २०१० मध्ये न्यायालयाने तो निर्णय रद्द केला; मात्र एफसीसीला तसा अधिकार नाही या मुद्द्यावर, कंपनीचं वागणं बरोबर ठरवून नव्हे. तोवर कॉमकास्टने पद्धत बदललीही होती: गर्दीच्या वेळी जो सर्वाधिक वापरतो त्याला थोडा वेळ मागे ठेवायचं, तो काय पाठवतोय ते न बघता. म्हणजे हे जमत होतं! मला राग येतो तो याचाच. मर्यादा घाला, पण सांगून घाला आणि सगळ्यांना सारखी घाला.

भारतात जुलै २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने ट्रायच्या (आपल्या दूरसंचार नियामकाच्या) नेट न्यूट्रॅलिटीच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या सगळ्या मजकुराला सारखं वागवण्याच्या, शिफारशी मान्य केल्या. मजकूर बघून वेग कमी करायला त्यात मनाई आहे, वाजवी ट्रॅफिक व्यवस्थापनाची सूट आहे. डेटा संपल्यावर एफयूपीमुळे (प्लॅनमधल्या वापराच्या मर्यादेमुळे) सगळाच वेग घटतो, ते वेगळं.

तुमच्याकडे तपासायचं तर उबुंटू या मोफत संगणकप्रणालीची फाइल एकापाठोपाठ थेट आणि टोरंटने उतरवून बघा. दोन्ही हळू असतील तर गर्दी किंवा एफयूपी. टोरंटच हळू असेल तरी लगेच आरोप करू नका; आपल्याकडे बऱ्याच कंपन्या अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक आयपी देतात, त्यामुळे बाहेरून येणाऱ्या जोडण्या पोचतच नाहीत. ही शंका मिटवायला क्लायंटमध्ये (टोरंटच्या प्रोग्रॅममध्ये) एन्क्रिप्शन सक्तीचं करा, म्हणजे हे टोरंट आहे हे कंपनीला सहज ओळखता येणार नाही. तेवढ्यानेच वेग उसळला आणि बंद केल्यावर पुन्हा पडला, तर संशयाला जागा आहे. आकड्यांचे स्क्रीनशॉट लावून कंपनीकडे लेखी तक्रार नोंदवा, नंबर घ्या, उत्तर पटलं नाही तर त्यांच्याच अपील प्राधिकरणाकडे जा. ट्राय वैयक्तिक तक्रारी हाताळत नाही.