अर्धवट कपड्यांचा ढीग आणि वहीतली ध्येयं

प्रश्न : मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. साधे, एकरंगी कपडे उसवायचे आणि त्यांना पट्टी, पॅच, चुण्या, वेगळा गळा देऊन नवं रूप द्यायचं, हे मला मनापासून आवडतं. मशीन घरीच शिकले. मैत्रिणी कौतुक करतात, स्वतःचे कपडेही आणून देतात. वर्षाच्या सुरुवातीला वहीत तीन ध्येयं लिहिली : 'पंचविशीच्या आत स्वतःचा ब्रँड', 'फॅशन डिझायनर होणे' आणि 'रोज दोन तास शिवण'. एकही पुढे सरकलं नाही. खोलीत अर्धवट कपड्यांचा ढीग मात्र वाढतोय. बाबा म्हणतात, आधी नोकरीचं बघ, हे सुटीच्या दिवशी कर. सर, माझी ध्येयं चुकली की मीच आळशी आहे?

उत्तर : आळशीपणाचा विषय आधी मिटवू. दुसऱ्याने घातलेली टीप कापडाला भोक न पाडता उसवायला नवं शिवण्याहून जास्त चिकाटी लागते, आणि ते तू हौसेने करतेस. अडचण ध्येयांच्या शब्दांत आहे. ती वाचून उद्या सकाळी हातात काय घ्यायचं हे कळतच नाही.

'ब्रँड' हा बऱ्याच वर्षांच्या कामाचा परिणाम. 'डिझायनर' हे पदाचं नाव, आणि त्या एका नावाभोवती चार-पाच वेगळी कामं असतात. 'रोज दोन तास' हे ध्येय वेळ मोजतं, काम मोजत नाही, आणि शिवणात ते हमखास फसतं. बेतायला मोकळं टेबल आणि सलग दोन-तीन तास हवेत. मध्येच उठलं की खुणा चुकतात. हेमिंग (कड दुमडून शिवणं), काज-बटण मात्र वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत उरकतं. म्हणून तास मोजणं सोड. मोज ते पूर्ण झालेले कपडे.

आता त्या ढिगाकडे वळू, कारण तुझ्या पत्रातली सर्वांत कामाची माहिती तिथे आहे. प्रत्येक कपडा नेमका कुठे थांबला ते बघ. बहुतेक कपडे तीनपैकी एका ठिकाणी अडकलेले सापडतील : उसवून झाल्यावर, कापून झाल्यावर किंवा शेवटच्या सफाईला. उसवून थांबलेला कपडा सांगतो की कात्री लावण्याआधी नवं रूप कागदावर काढलेलं नव्हतं. सफाईला थांबलेला सांगतो की नव्याची ओढ संपली आणि उरलेलं काम कंटाळवाणं वाटलं; त्यासाठी आठवड्यातली एक संध्याकाळ फक्त हातशिलाईला ठेव. कापल्यावर थांबलेले कपडे मात्र नीट तपासायला हवेत. तिथे बिनसण्याची कारणं तांत्रिक असतात आणि शिकता येतात.

एक साधा सुती शर्ट घे. तो छातीत घट्ट होतोय आणि कॉलर काढून गोल गळा करायचा आहे, असं धर. आधी शर्ट उलटा करून आतली माया, म्हणजे शिलाईच्या आत राखलेलं जादा कापड, बघ. तयार शर्टाच्या बाजूच्या शिलाईत माया जेमतेम सेंटिमीटरभर असते आणि ती ओव्हरलॉक केलेली (कडा कापून धाग्याने गुंफलेली) असते, त्यामुळे उसवून सैल करायला काहीच हाती लागत नाही. म्हणून दोन्ही बाजूंना कळी, म्हणजे जादा कापडाची लांबट पट्टी, घालावी लागते. घेर ६ सेंमी वाढवायचा तर प्रत्येक बाजूला ३ सेंमी, आणि दोन्हीकडची एकेक सेंमी माया धरून कळी ५ सेंमी रुंद कापायची. इथवर बहुतेकांचं बरोबर येतं. चूक होते ती मुंढ्यापाशी, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाईपाशी. कळी तशीच सरळ मुंढ्यापर्यंत नेली की मुंढ्याचा घेर ३ सेंमीने वाढतो, बाही मात्र जुन्याच मापाची राहते. मग ती ओढून बसवली जाते आणि काखेत चुण्या पडतात. उपाय दोन. कळी वर निमुळती करत मुंढ्याच्या थोडं खालीच टोकाला संपवायची, म्हणजे बाहीला हात लावावा लागत नाही. मात्र वाढ छातीपेक्षा कमरेला जास्त मिळते. छातीतच सैल हवं असेल तर बाहीची खालची शिलाईही उसवून तिच्यात तेवढ्याच रुंदीची कळी घालायची. काम दुप्पट, पण बसतं चोख.

कळीचं कापड नवं असेल तर कापण्याआधी ते भिजवून, वाळवून, इस्त्री करून घे. शर्ट अनेक धुण्यांत आटून बसलेला असतो आणि नवं सुती कापड पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के सहज आटतं. शिवताना सपाट दिसणारी शिलाई धुतल्यावर गोळा होते ती यामुळेच. रंग गडद असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघ. फडक्याला रंग लागला तर ते कापड फिकट शर्टाला लावू नकोस.

गळ्याचं गणित उलटं चालतं. तयार गळ्याची रेघ आखली की कापायची रेघ तिच्या वर, मानेच्या बाजूला येते. क्रॉस पट्टी (तिरक्या कापलेल्या कापडाची) उलटवून आत घेणार असशील तर एक सेंमी माया सोड. ही माया विसरल्यामुळे गळे ठरवल्यापेक्षा मोठे होतात आणि कपडा ढिगात जातो. कापल्याबरोबर, अंगाला लावून बघण्याच्याही आधी, कडेपासून अर्ध्या सेंमीवर बारीक टाक्याची एकेरी टीप मार. गोलाईत कापड जागोजागी तिरकं कापलं जातं आणि तिरकं कापड ताणतं. ही टीप त्याला धरून ठेवते. पट्टी ४५ अंशांत कापलेली, साधारण साडेतीन सेंमी रुंद घे. ती गोलाईवर किंचित ताणून बसव. गळा मात्र जराही ओढू नकोस, नाहीतर लाट येते. पट्टी लागल्यावर मायेला दीड-दीड सेंमीवर काप दे, टिपेच्या अलीकडेच थांब आणि मगच उलटव. दाबटीप (वरून दिसणारी पक्की टीप) मारण्याआधी इस्त्री हवीच. गबाळं काम आणि सफाईदार काम यांतला निम्मा फरक इस्त्रीचा असतो, असं माझं ठाम मत आहे.

टीशर्टाचं कापड सध्या बाजूला ठेव. त्याला गोल टोकाची ७५/११ ची बॉलपॉइंट सुई आणि अरुंद झिगझॅग टाका लागतो. साध्या सुईने विणीतले फास तुटतात आणि भोकं पहिल्या धुण्यानंतर दिसतात, तेव्हा हातात करण्यासारखं काही उरत नाही. विणीचं आणि साधं कापड एकाच महिन्यात शिकू पाहणारे दोन्हीकडे अडखळतात.

हे इतकं खोलात सांगण्याचं कारण तुझ्या ध्येयांशीच आहे. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञांचं ध्येयांवरचं काम प्रसिद्ध आहे. नेमकं आणि थोडं अवघड ध्येय 'जमेल तेवढं करीन' यापेक्षा चांगलं काम करवून घेतं, हे त्यांनी दाखवलं. पण त्याच अभ्यासांतून आणखी एक गोष्ट पुढे आली, जी ध्येयांच्या वह्यांमध्ये क्वचितच येते : काम अजून अंगवळणी पडलेलं नसेल तेव्हा संख्येचं ध्येय आड येतं, शिकण्याचं ध्येय उपयोगी पडतं. 'महिन्यात दहा टॉप' याऐवजी 'गोल गळा स्वच्छ बसवण्याच्या तीन पद्धती करून बघणे' असं लिही.

तर पुढच्या बारा आठवड्यांचं ध्येय असं धर : साध्या सुती कापडाचे (टीशर्टाच्या नव्हे) सहा शर्ट किंवा टॉप, निदान तीन वेगवेगळ्या व्यक्तींच्या मापांचे, त्यांत तुझा एकच. पहिले दोन ढिगातलेच. कापताना फारच लहान झालेले कपडे वाचवत बसू नकोस. त्यांचं कापड पॅच आणि सरावासाठी वेगळं काढ.

सोबत एक नोंदवही ठेव. कपडा कोणाचा, बदल काय, किती वेळ लागेल वाटलं, किती लागला, कुठे अडलं, का अडलं आणि पाच धुण्यांनंतर तो कसा आहे. शेवटचा रकाना टाळू नकोस. घालून दाखवल्याच्या दिवशी सगळेच कौतुक करतात. पाचव्या धुण्यानंतरही मैत्रीण तो कपडा घालत असेल तर काम उतरलं. वेळेचा रकानाही तितकाच महत्त्वाचा. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच मांडलं होतं की आधीचा अनुभव गाठीशी असूनही माणसं पुढच्या कामाचा अंदाज कमीच धरतात. शिवणात आपण मशीन चालण्याचा वेळ धरतो आणि धुणं, इस्त्री, उसवणं, बॉबिन भरणं विसरतो. सहा कपड्यांच्या नोंदी झाल्या की अंदाज मनाने बांधायचा नाही, वहीतून काढायचा.

अर्धवट सोडण्यावर मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी अभ्यासलेली 'जर-तर' पद्धत चांगली लागू पडते. अडचण येण्याआधीच तिचं उत्तर लिहून ठेवायचं : 'जर पट्टीला लाट आली, तर सगळं न उसवता फक्त लाटेचा भाग आणि दोन्हीकडची चार बोटं उसवीन, वाफेची इस्त्री करीन, पट्टी पुन्हा लावीन.' ऐन वेळी वैतागलेल्या मनाला निर्णय घ्यावा लागत नाही, म्हणून कपडा ढिगात जात नाही.

बारा आठवड्यांनी ही वही तुला पदाच्या नावापेक्षा जास्त सांगेल. मापं, मुंढा, बसवणूक यांत तू रमली असशील तर तुझं काम पॅटर्न मेकिंगचं, म्हणजे कपड्याच्या भागांचे साचे बनवण्याचं, आहे. कपड्यांच्या उद्योगात रेखाटनं करणारे पुष्कळ, पण ते रेखाटन अंगावर बसवून देणारे कमी असतात. त्यामुळे कागदी पॅटर्न, साइज ग्रेडिंग (एकाच पॅटर्नची लहान-मोठी मापं काढणं) आणि संगणकावरचं पॅटर्न हे शिकणं मी डिझाइनच्या पदवीइतकंच मोलाचं मानतो. रंग, पोत, कुठला तुकडा कुठे, यात जीव गुंतत असेल तर डिझाइनच्या अभ्यासक्रमाचा विचार कर. पोर्टफोलिओत आधी-नंतरचे फोटो पुरेसे नाहीत. मधलं रेखाटन, फसलेला प्रयत्न आणि तो का बदलला हेही ठेव. लोकांशी बोलणं, त्यांची अडचण सोडवणं आवडलं तर ऑल्टरेशन आणि रीमेकिंगची सेवा. नाटक-सिनेमाच्या वेशभूषा विभागातही आहे त्या कपड्यातून पात्राचे कपडे करणारे लागतात, मात्र तिथे वेळेचा ताण मोठा.

ब्रँडबद्दल एक स्पष्ट सांगतो. कपड्याला नवं रूप देणं हे प्रत्येक वेळी वेगळं काम असतं, आणि ब्रँडला तेच काम पुन्हा पुन्हा तसंच करावं लागतं. मूळ कपडा दर वेळी वेगळा, त्याची माया वेगळी, आटणं वेगळं; म्हणून अशा कामाची किंमत ठरवणं आणि ते वेळेत देणं अवघड जातं. सहा कपडे झाले की एकच बदल निवड आणि तो सारख्या मापाच्या पाच शर्टांवर कर. पाचवा पहिल्याइतकाच चांगला आणि निम्म्या वेळात झाला, तर ब्रँडचा विचार करायला आधार मिळाला. पैसे आकारताना सामान, नोंदवहीतला खरा वेळ, आणि मशीन, धागा, विजेचा वाटा हे सगळं धर. मैत्रिणींनाही हाच हिशेब लाव.

बाबांचं म्हणणं मला रास्त वाटतं, आणि त्यात तुझा मार्ग बंद होत नाही. नोकरी शोधताना संध्याकाळ किती उरते हे पगाराइतकंच बघ. तयार कपड्यांच्या क्षेत्रात सॅम्पलिंग (नमुना कपडे बनवणं), गुणवत्ता तपासणी, मर्चंडायझिंग (ऑर्डर सांभाळणं) ही कामं आहेत; तिथे तुला वर्षभरात शेकडो शिलाया आतून बघायला मिळतील. बाबांशी बोलायला वही घेऊन बस. निकष आधीच त्यांना सांगून ठेव : सहापैकी चार कपडे पाच धुण्यांनंतर वापरात असतील आणि शेवटच्या दोन कपड्यांत वेळेचा अंदाज पावपटीहून जास्त चुकला नसेल, तर पैसे घेऊन काम सुरू. नसेल तर त्याच प्रकारचे आणखी सहा. आणि वही भरायचाच कंटाळा आला, स्वतःसाठी शिवतानाच आनंद वाटला, तर तेही खरं उत्तर माना. मग नोकरी दुसरी आणि शिवण आयुष्यभराचा छंद, यात कमीपणा काहीच नाही.

ढिगातून पहिला कपडा निवडताना गळा कापून ठेवलेला आधी घे आणि आजच त्याला ती आधाराची टीप मार. हँगरवर लटकला असेल तर काढून सपाट ठेव. तिरकी कड जितके दिवस लटकेल तितकी ताणत जाते, आणि एकदा ताणली की पट्टी कितीही नीट लावली तरी गळा बसत नाही.