नवी 911 चालवून बघायला जाताना

मित्रा, पोर्शेची 2024 ची हायब्रिड 911 कारेरा जीटीएस बघायला निघालायस ना, मग आकडे आधी बाजूला ठेव. 541 पीएस (म्हणजे अश्वशक्ती), शून्य ते शंभर 3 सेकंदांत, त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाहीच.

तिसऱ्या गिअरमध्ये आरपीएम खाली असताना ॲक्सिलरेटर दाबून बघ. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरून त्यात जास्त हवा कोंबणारा पंखा. इथे त्याच्या दोन चक्रांच्या मधेच विजेची मोटर बसवलीय, त्यामुळे टर्बो धुराच्या जोराची वाट बघत बसत नाही. जुन्या टर्बो गाड्यांत तो एक श्वासाचा उशीर असायचा, तो शोध. मग जोरात ब्रेक मारून वळणात घाल. आधीच्या जीटीएसपेक्षा हिचं वजन साधारण 50 किलोंनी वाढलंय. ते तुला जाणवतं का, एवढंच बघायचं.

मला खुपलं ते आरपीएम दाखवणारं मधलं काट्याचं टॅकोमीटर. गेलं, आता नुसता पडदा! चालू करायची पिळायची खुंटीही गेली, बटण आलं. म्हाताऱ्याची कुरकुर म्हण हवं तर.

मॅन्युअल गिअरच हवा असेल तर ही सोड, 911 चीच कारेरा टी बघ.

आणि ‘खरी 911 संपली’ असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नकोस. 996 ला, म्हणजे 911 च्याच एका जुन्या पिढीला, हवेऐवजी पाण्याने थंड होणारं इंजिन आलं, तेव्हाही हेच ऐकलं होतं.