झाडू फिरण्याआधी: प्राणिसंग्रहालयात रुजू होणाऱ्या तरुण पशुवैद्यकास

प्रिय डॉक्टर,

तुझं पत्र मिळालं. रुजू होण्याआधी डार्टचे, म्हणजे लांबून मारायच्या भुलीच्या सुईचे, डोस पाठ करून येऊ का, असं विचारलं आहेस. डोसाचंही लिहितो, पण पुढे. वर्षभरात डार्ट मारण्याची वेळ मोजकी येते. सकाळचे दोन तास मात्र रोज असतात, आणि जनावर वाचतं की दगावतं ते बहुतेकदा तिथेच ठरतं.

गोठ्यातली म्हैस रवंथ थांबवते, दूध आटवते आणि मालक धावत येतो. वन्यप्राण्याचं तसं नाही. कळपात अशक्त दिसणारा आधी टिपला जातो, म्हणून चितळ उभं राहता येईल तोवर उभंच राहतं. वाघही पंजा दुखत असला तरी माणसासमोर लंगडणं टाळतो. लक्षण सहज दिसायला लागलं म्हणजे आजार बराच पुढे गेला, असं धरून चाल.

म्हणून पिंजरे धुवायला सुरुवात होण्याआधी पोहोच. झाडू आणि पाण्याचा पाइप फिरला की रात्रभराचा पुरावा गटारात जातो. आधी रिकामी खोली बघ, जनावर नंतर. काल टाकलेल्यातलं किती उरलं? ते अंदाजाने नको, काट्यावर घाल. विष्ठा कितीदा, घट्ट की पातळ, तिच्यात केस, हाडाचे तुकडे, रक्त, प्लॅस्टिक आहे का? कोपऱ्यात ओकारी आहे का, गजांवर रक्ताचा डाग आहे का, हौदातलं पाणी रोजच्यापेक्षा जास्त खाली गेलंय का? मग जनावर. बसल्या जागेवरून उठून टाकलेली पहिली चार-सहा पावलं बघ, कारण सांध्याचं दुखणं तेवढ्यातच दिसतं. एकदा अंग गरम झालं की चाल सुधारते. नाकपुड्या, डोळ्याच्या कोपऱ्यातला पडदा, केसांची चकाकी बघ. प्रत्येक जनावराचा विसाव्यातला श्वास थंडीत आणि मे महिन्यात वेगवेगळा मोजून लिहून ठेव. तो आकडा नसेल तर आजारपणात मोजलेला आकडा निरुपयोगी ठरतो.

वाघाने एक दिवस मांस सोडलं तर घाबरू नकोस. शेजारच्या पिंजऱ्यात मादी माजावर असली, उकाडा असला तरी तसं होतं. दोन दिवस सोडलं आणि पाणी मात्र जास्त पितोय, जनावर बारा-पंधरा वर्षांचं आहे, तर मूत्रपिंडाचा विचार आधी कर. पिंजऱ्यात म्हातारे होणारे वाघ-बिबटे बऱ्याचदा तिथेच हरतात.

हे सगळं तुझ्याआधी किपरला, म्हणजे जनावराची रोजची देखभाल करणाऱ्याला, दिसतं. वीस वर्षं एकाच खंदकाजवळ काढलेला माणूस वाघिणीला पाठमोरी बघून सांगतो की आज तिचं बरं नाही. पण त्याला 'सगळं ठीक ना?' असं विचारू नकोस, उत्तर कायम 'हो साहेब' हेच येईल. 'मामा, काल किती टाकलं, किती उरलं? हाक मारल्यावर कोण शेवटी आलं?' असं विचार. ते जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरव. 'आज गप्प आहे' हीसुद्धा नोंदच आहे. दुसऱ्या दिवशी त्या नोंदीचं काय झालं ते त्यांना सांगायला विसरू नकोस, नाहीतर तिसऱ्या दिवसापासून ते बोलायचे थांबतात.

जंतांची तपासणी तुला किरकोळ वाटेल, पण तिच्यातच सर्वांत जास्त हलगर्जी होते. नमुना ताज्या विष्ठेच्या मधला घे, जमिनीला टेकलेला भाग नको. मातीतल्या मोकळ्या अळ्या त्यात मिसळतात आणि निदान फसतं. लगेच तपासणं जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेव, बर्फाच्या कप्प्यात नको. ३ ग्रॅम विष्ठा ४२ मिली पाण्यात ढवळ, गाळ, त्यातलं १५ मिली सेंट्रिफ्यूज कर, वरचं पाणी ओतून दे आणि तेवढंच संपृक्त मिठाचं पाणी घाल. मॅकमास्टर स्लाइडच्या (अंडी मोजायची कप्प्यांची काच) दोन्ही कप्प्यांतली अंडी मोजून ५० ने गुणलं की ग्रॅममागे अंडी मिळतात. मिठाचं पाणी खरंच संपृक्त हवं, म्हणजे तळाशी न विरघळलेलं मीठ दिसायला हवं. पातळ पाण्यात अंडी तरंगत नाहीत आणि 'निगेटिव्ह' असा खोटा दिलासा मिळतो. पर्णकृमींची (पानासारखे चपटे जंत) अंडी मात्र जड असतात, मिठाच्या पाण्यातही वर येत नाहीत. गवा, सांबर, चितळ यांचा नमुना साध्या पाण्यात गाळ बसवूनही बघ.

औषध देण्यातली चूक वेगळीच असते. कळपाच्या एका गव्हाणीत औषध घातलेला खुराक ठेवला की दांडगा नर निम्मा खातो आणि ज्या कृश माद्यांना गरज असते त्या कडेला उभ्या राहतात. गव्हाणी कळपाच्या संख्येपेक्षा जास्त मांड, एकमेकींपासून लांब. वाघाला औषध उपवासाच्या दुसऱ्या दिवशी, मांसाच्या पहिल्या छोट्या तुकड्यात दे आणि तो तुकडा पोटात गेल्याशिवाय बाकीचं टाकू नकोस. दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा तपास. अंडी तशीच राहिली तर औषधाचं नाव बदलण्याआधी आवाराची माती बघ. गोलकृमींची अंडी तिथे वर्षानुवर्षं टिकतात, वरचा थर काढल्याशिवाय तेच चक्र चालू राहतं.

आता मांस. मोठ्या वाघाला दिवसाला साधारण ८ ते १० किलो हाडासकट म्हशीचं मांस आणि आठवड्यातून एक दिवस उपवास, अशी बहुतेक ठिकाणची पद्धत आहे. 'हाडासकट' हा शब्द ठेकेदाराच्या करारात लिहिलेला आहे का, ते पहिल्याच आठवड्यात वाच. निव्वळ मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असतं, प्रमाण एकास पंधरा-वीसपर्यंत बिघडतं. बछड्यांना महिनाभर नुसतं बोनलेस मिळालं तर पाय वाकतात, उडी मारताना हाड मोडतं. दिसतं मुडदुसासारखं, पण मूळ कॅल्शियमच्या कमतरतेत असतं. यकृत आवडतं म्हणून रोज देऊ नये, अ जीवनसत्त्व साठून मणके जखडतात. मासे खाणाऱ्यांचं गणित निराळं. राणीच्या बागेतल्या हम्बोल्ट पेंग्विनसारख्या पक्ष्यांना गोठवलेला मासा मिळतो आणि त्यातलं ब१ जीवनसत्त्व (थायमिन) साठवणीत नष्ट होतं. म्हणून किलोभर माशांमागे २५ ते ३० मिलिग्रॅम थायमिन हवं. गोळी कल्ल्यात खोचून तो मासा पहिला द्यायचा.

मांसातून रोग येतो हे कागदावर सगळ्यांना माहीत असतं. जुलै २००० मध्ये ओडिशाच्या नंदनकाननमध्ये दहाहून अधिक वाघ सर्रा या रक्तातल्या परजीवीच्या रोगाने गेले. हा परजीवी रक्त पिणाऱ्या गोमाश्यांमधून पसरतो, तसाच बाधित जनावराच्या ताज्या रक्ताळ मांसातूनही. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, आणि तपासणीत बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू निघाला. तेव्हा मांस उतरवताना तू स्वतः उभं राहा. कत्तलखान्याचा शिक्का, कापल्याची वेळ, रंग, वास बघ. यकृत-फुप्फुसात गाठी दिसल्या तर तो लॉट परत. आसपास कोंबड्यांची मर सुरू झाल्याची बातमी आली तर कोंबडी त्याच दिवशी बंद, लेखी आदेशाची वाट बघत बसू नकोस. गिधाडांच्या पिंजऱ्यात जाणाऱ्या मांसाचं तर जनावराचं औषधपत्रकच माग. गिधाडांना मारणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे, पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या बरीच वर्षं गोठ्यात वापरल्या गेल्या. तुझ्या स्वतःच्या कपाटात वेदनाशामक म्हणून मेलॉक्सिकॅमच असू दे.

भटकी कुत्री कुंपणाच्या आत दिसली की ते सुरक्षा विभागाचं काम म्हणून सोडू नकोस. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांमध्ये कॅनाइन डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणू सापडला, तो मांजरकुळालाही मारतो. हरणांना वैरणीतून आणि गाडीच्या चाकांतून लाळ-खुरकूत येतं. वैरणीची गाडी दाराबाहेरच रिकामी करून घे, चाकं ४ टक्के धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवून घे. पाय बुडवायच्या कुंडीत जंतुनाशक किती घालायचं हे सगळ्यांना पाठ असतं, पण चिखलाने गढूळ झालेल्या द्रावणात जंतू मरत नाहीत. आधी ब्रशने बूट स्वच्छ, मग कुंडी, आणि द्रावण रोज नवं.

आता तुझा डार्ट. पण त्याआधी स्क्वीझ केज, म्हणजे जनावराला बाजूने दाबून स्थिर ठेवणारा पिंजरा. मांसाचा तुकडा काठीला लावून वाघिणीला गजांना समांतर बसायला शिकवता येतं, हळूहळू शेपटी फटीतून बाहेर घेऊ देते. शेपटीच्या कडेच्या शिरेतून रक्त निघतं, मांडीत लस टोचता येते. याला दोन-तीन महिने लागतात, रोज दहा मिनिटं, एकच किपर, एकच हाक. एवढी चिकाटी ज्या संग्रहालयात आहे तिथे भूल द्यायची वेळ निम्म्याहून कमी येते असं माझं ठाम मत आहे.

भूल द्यावीच लागली तर आवार बंद असलेला दिवस निवड. कात्रजला आणि राणीच्या बागेत तो बुधवार असतो. वेळ पहाटेची, वाघ-बिबट्याला २४ तास अन्न नाही, कारण झायलाझिन या भुलीच्या औषधाने मांजरकुळाला ओकारी होते आणि बेशुद्धीत ती फुप्फुसात जाते. झायलाझिन किलोला १ ते २ मिलिग्रॅम, केटामाइन ३ ते ५, हे पुस्तकात आहेच. पुस्तकात नसतं ते हे: १३० किलोच्या वाघिणीचा हिशेब मिलीला १०० मिलिग्रॅमच्या बाटल्यांनी केलास तर सहा-सात मिली भरतं आणि तुझा डार्ट ५ मिलीचा असतो. म्हणून ५०० मिलिग्रॅम कोरडं झायलाझिन ४ मिली केटामाइनमध्ये विरघळवतात. म्युनिकच्या हेलाब्रुन प्राणिसंग्रहालयावरून त्याला हेलाब्रुन मिश्रण म्हणतात. वजन डोळ्यांनी ठरवू नकोस, त्यासाठीच पिंजऱ्यात वजनकाटा मागून घे. वाघांना टिलेटामाइन-झोलाझेपाम ही भुलीची दुसरी जोडी टाळावी, नंतर दिवसचे दिवस झटके आल्याचे अनुभव नोंदलेले आहेत.

ब्लोपाइपच्या (तोंडाने फुंकायची नळी) डार्टची सुई टोकाला बंद असते, भोक बाजूला असतं आणि त्यावर सिलिकॉनची बारीक नळी बसवलेली असते. कातडीत शिरताना ती नळी मागे सरकते आणि मागच्या कप्प्यातली हवा औषध आत ढकलते. नळी जुनी, चिकट झाली तर सरकत नाही. सैल असली तर हवा भरतानाच औषध तुझ्या तोंडावर उडतं. झायलाझिनला माणसासाठी उतारा नाही, तेव्हा हातमोजे आणि चष्मा घालूनच भर, सुई कुणाकडेही रोखलेली नको. आदल्या दिवशी साधं पाणी भरून पुठ्ठ्यावर मारून बघ. खांदा किंवा मांडीचा मांसल भाग हेच लक्ष्य, पोट आणि बरगड्या कधीच नाही.

डार्ट लागला की सगळे मागे, पूर्ण शांतता. बघे, मोबाइल, वॉकीटॉकी काही नको. चवताळलेल्या जनावराला तोच डोस पुरत नाही, आणि मग घाईने दुसरा मारला की दोन्ही एकदम चढतात. निदान वीस मिनिटं थांब. मग लांब काठीने कानाला स्पर्श करून बघ. कान हलला तर आत जायचं नाही. आत गेल्यावर डोळ्यांत मलम, वर कापड, कारण केटामाइनमध्ये पापण्या मिटत नाहीत. तापमान, श्वास, नाडी दर पाच मिनिटांनी, आणि लिहिणारा माणूस वेगळा हवा. त्या वेळी घेतलेल्या रक्तात साखर वाढलेली दिसेल, तो झायलाझिनचा परिणाम आहे, मधुमेह समजू नकोस. योहिम्बिनचा उतारा केटामाइननंतर ४० मिनिटं उलटल्यावरच दे. आधी दिलास तर झायलाझिन उतरतं आणि नुसतं केटामाइन राहून अंग ताठरतं, झटके येतात. बाहेर पडताना डार्ट, सुया, माणसं, चाव्या, सगळं मोजून.

हरणांत औषधापेक्षा पाठलागच जास्त मारतो. धावून धावून स्नायूंत आम्ल साठतं, स्नायू फाटतात, लघवी कॉफीसारखी काळपट होते, आणि आज उभं राहिलेलं चितळ तीन दिवसांनी, कधी दोन आठवड्यांनी मरतं. दोन-तीन मिनिटांत पकडलं गेलं नाही तर त्या दिवशी सोडून दे. तापमान ४१ अंशांच्या वर गेलं की बाकी काम थांबवून आधी पाणी ओत. डोळे बांध, छातीवर बसव, मान उंच आणि तोंड खाली, म्हणजे लाळ बाहेर गळते आणि पोट फुगत नाही.

सर्प विभागात प्रतिविष मुदत संपण्याच्या तारखेसह ठेव आणि जवळच्या रुग्णालयाशी आधीच बोलून ठेव. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्यासाठी असतं. नागराजाच्या (किंग कोब्रा) दंशावर त्याचा भरवसा धरू नये, म्हणून तो पिंजरा उघडताना एकटा माणूस कधीच नसावा.

जनावर मेलं तर शवविच्छेदन त्याच दिवशी. नाकातोंडातून न गोठणारं रक्त येत असेल तर चिरू नकोस, आधी कानाच्या शिरेच्या रक्ताची स्लाइड बघ, काळपुळी (अँथ्रॅक्स) असू शकते. एरवी अवयवांचे तुकडे एक सेंटिमीटरहून जाड नकोत, दहापट फॉर्मेलिनमध्ये. जाड तुकड्याचं आतलं सडतं आणि प्रयोगशाळेकडून काहीच उत्तर येत नाही. विषाणूसाठीचा नमुना फॉर्मेलिनशिवाय, बर्फात. वाघ-बिबट्याच्या नखांची, दातांची मोजणी आणि फोटो साक्षीदारांसमोर, मगच दहन.

एक काम मात्र रुजू होण्याआधीचं. रेबीजची प्रतिबंधक लस तीन डोसांत असते: पहिल्या डोसाचा दिवस शून्य धरून पुढे सातवा आणि एकविसावा किंवा अठ्ठाविसावा. तुझ्याकडे पाचच आठवडे आहेत, तेव्हा पहिला डोस याच आठवड्यात घे. सोबत धनुर्वाताचा, आणि छातीचा एक्स-रेही काढून घे. माकडांना क्षय बहुतेकदा आपल्याकडूनच होतो, तो अहवाल तुझ्या फाइलीत पहिल्या दिवशी लागेल.

तुझा,
एक ज्येष्ठ सहकारी