'ग्रिमॉयर' की 'ग्रिम्वार', आणि त्याचा ग्रामरशी काय संबंध?

प्रश्न असा आलाय की एका गेमच्या मराठी सबटायटल्समध्ये 'ग्रिमॉयर' असा शब्द दिसला, तर हा उच्चार बरोबर आहे का, 'ग्रिम' म्हणजे भयाण त्यावरून तो आलाय का, आणि मराठीत सरळ 'काळ्या जादूचं पुस्तक' म्हटलं तर चालेल का.

उच्चार आधी उरकतो. शब्द फ्रेंच आहे, अर्थ मंत्रतंत्राचं पुस्तक, तिकडे तो साधारण 'ग्रिम्वार' असा म्हणतात आणि इंग्रजीतही तसाच, त्यामुळे ग्रिमॉयर लिहू नये. 'ग्रिम'शी त्याचं फक्त दिसणं जुळतं. तो आलाय जुन्या फ्रेंचमधल्या 'ग्रामेर'वरून, म्हणजे आपण शाळेत ज्याला ग्रामर म्हणून घाबरायचो तेच. खरंच.

आता व्याकरणाच्या पुस्तकाचं मंत्रांचं पुस्तक कसं झालं, तर मध्ययुगात तिकडे ग्रामर म्हणजे लॅटिनचंच ग्रामर, बोलीभाषेला व्याकरण असतं असं फारसं कुणाच्या डोक्यात नव्हतं, आणि लॅटिन वाचता येणारी माणसं म्हणजे बहुतेक चर्चची माणसं. गावातल्या न शिकलेल्या माणसाला दिसायचं काय, तर कुणीतरी जाडजूड पुस्तक उघडून न कळणारं काहीतरी पुटपुटतोय आणि त्यातून बाळाचा बाप्तिस्मा होतोय, लग्न लागतंय, मेलेल्याला गती मिळतेय. मग पुस्तकात ताकद आहे असं वाटणारच ना. फ्रेंचमध्ये आजही ग्रिम्वारचा दुसरा अर्थ आहे वाचता न येणारं गिचमिड लिखाण, डॉक्टरांच्या चिठ्ठीसारखं. माझ्या मते हाच अर्थ शब्दाचं खरं पोट उघडून दाखवतो.

आणि याच शब्दाचं एक भावंड आपण रोज वापरतो, ते म्हणजे ग्लॅमर. स्कॉटलंडमध्ये ग्रामरचा उच्चार बदलून 'ग्लॅमर' झाला आणि त्याचा अर्थ होता नजरबंदी, म्हणजे बघणाऱ्याला नसलेलं दिसायला लावणं. वॉल्टर स्कॉटने एकोणिसाव्या शतकात तो शब्द इंग्रजीत गाजवला, आणि तिथून तो फिरत फिरत सिनेमाच्या नट्यांपर्यंत आला. मराठी सिनेमात ग्लॅमर नाही अशी तक्रार करणारे लोक नकळत व्याकरणाचीच तक्रार करत असतात!

पण लोकांचा जो संशय होता की हे लॅटिनवालेच जादू करतात, तो सगळाच खुळचट नव्हता, आणि मला यातला हाच भाग सगळ्यात भारी वाटतो. मध्ययुगातल्या विधीवाल्या जादूच्या ज्या हस्तलिखित वह्या उरल्यात त्या लिहिणारे बहुतेक चर्चच्या खालच्या पायरीवरचेच लोक होते. कॅथलिक चर्चमध्ये तेव्हा धाकट्या पदांची एक उतरंड होती, द्वारपाल, वाचक, एक्झॉर्सिस्ट म्हणजे भूत उतरवणारा, अकोलाइट म्हणजे वेदीवरचा मदतनीस अशी, आणि त्यातल्या एक्झॉर्सिस्टला दीक्षा देताना बिशप त्याच्या हातात भूत उतरवायच्या प्रार्थनांचं पुस्तक द्यायचा. आता भूत काढायला त्याला देवाची आण घालून हुकूम सोडायचा असतो, आणि भूत बोलवायलाही तीच आण आणि तेच हुकूम लागतात, फक्त 'जा'च्या जागी 'ये' म्हणायचं. इंग्रजीतला 'कंज्युअर'सुद्धा मुळात लॅटिनमधल्या शपथ घेण्याच्या क्रियापदावरूनच आलाय. जर्मनीत म्युनिकच्या ग्रंथालयात पंधराव्या शतकातली अशी एक लॅटिन वही आहे, तिच्यात अदृश्य होण्याचे, नसलेला किल्ला हवेत दाखवायचे, स्वारीला घोडा हजर करायचे विधी आहेत, आणि भाषा सगळी चर्चच्या प्रार्थनांच्या वळणाची. असल्या विधींच्या आधी उपास करा, कबुलीजबाब द्या, अंघोळ करून स्वच्छ कपडे घाला असलंही सांगितलेलं असतं.

म्हणून 'काळी जादू' मला इथे खटकतं. त्यातला काळा रंग तर चुकून आलाय. ग्रीकमध्ये शब्द होता नेक्रोमान्तेइआ, म्हणजे मेलेल्यांना बोलावून भविष्य विचारणं, मध्ययुगीन लॅटिनवाल्यांना तो 'नेक्रो' ओळखू येईना, त्यांनी त्याचं 'निग्रो' म्हणजे काळं करून टाकलं आणि निग्रोमान्तिया झालं. आणि बरं, लिहिणारे स्वतः मानायचे की आपण देवाच्या नावाने करतोय म्हणजे आपलं काम पवित्र. चर्चला ते अर्थातच पटत नव्हतं, पकडले गेले की पुस्तकं जाळायचे.

न कळणारं म्हणजे जादूचं, या समजाचा सगळ्यात मोठा बळी बहुतेक योहान्नेस ट्रिथेमियस. हा जर्मनीतला एक मठाधिपती, 1499च्या आसपास त्याने 'स्टेगॅनोग्राफिया' लिहिलं, वरवर बघता त्यात आत्म्यांकडून लांबवर निरोप पाठवायचे मंत्र आहेत, प्रत्यक्षात ते मंत्र म्हणजे गुप्तलिपी. पुस्तक छापलं गेलं 1606 मध्ये आणि 1609 मध्ये चर्चच्या निषिद्ध यादीत जाऊन बसलं. त्याच्या तिसऱ्या भागात तरी खरी जादूच असेल असं विद्वानही समजत होते, तो भाग उलगडला थेट 1990च्या दशकात, तीही गुप्तलिपीच निघाली.

याच्या बरोबर उलटं रेजिनाल्ड स्कॉट या इंग्रज लेखकाचं झालं (वरचा वॉल्टर स्कॉट वेगळा). योहान वायर नावाच्या डॉक्टरने 1577 मध्ये आपल्या ग्रंथाला 69 भुतांची यादी जोडली होती आणि कुणी वापरू नये म्हणून मुद्दाम त्यातला काही मजकूर गाळला होता. स्कॉटने 1584 मध्ये ती यादी इंग्रजीत आणली ती हा सगळा मूर्खपणा आहे हे दाखवायला, पण झालं काय, लॅटिन न येणाऱ्या इंग्लंडमधल्या गावठी मांत्रिकांना आयतं इंग्रजी पुस्तक मिळालं, त्यांनी थट्टा सोडून दिली आणि मंत्र तेवढे उतरवून घेतले. 1665च्या आवृत्तीत तर कुणीतरी निनावी माणसाने आणखी मंत्रतंत्राची भर घातली. पुढे अठराव्या शतकात फ्रान्समध्ये स्वस्तातल्या छोट्या पुस्तकांतून हा माल फ्रेंचमध्ये खेडोपाडी गेला, कव्हरवर खोटंच जुनं साल टाकून.

तर मराठीत काय म्हणायचं. छापील असेल तर 'मंत्रांची पोथी' पुरे. पण हाताने उतरवलेल्या, जो तो आपल्याला हवं ते गोळा करून भर घालत जातो अशा वहीला आपल्याकडे 'बाड' हा झकास शब्द आहे, रामदासी मठांतल्या बाडांमुळे हस्तलिखितांच्या अभ्यासकांना तो पाठच असतो, आणि ग्रिम्वारला तो चपखल बसतो कारण दोन प्रती सहसा एकसारख्या सापडत नाहीत. सबटायटलमध्ये जागा कमी असते, तिथे 'मंत्रबाड' करा, कुणी भांडायला आलं तर मी आहे. आणि त्या गेममध्ये 'की ऑफ सॉलोमन' आलं, जे यातलं सगळ्यात प्रसिद्ध पुस्तक आहे, तर सॉलोमन ठेवू नका, मराठी बायबलमध्ये त्या राजाचं नाव शलमोन आहे, तेव्हा 'शलमोनाची किल्ली'.