वाचकांचे प्रश्न : पालिकाच धंद्यात उतरली तर?

प्रश्न : आमचा २० लिटरच्या जारचा धंदा आहे. नगरपालिकेने बसस्टँडजवळ आरओ प्लांट टाकून पाच रुपयांत कॅन भरून द्यायला सुरुवात केली आहे. हे बंद करता येईल का? (चिकोडी तालुका, कर्नाटक)

उत्तर : बंद करण्याच्या मागे लागू नका. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीपासून राज्यघटनेच्या कलम १९(६) नुसार सरकार कायदा करून कोणताही धंदा स्वतः चालवू शकते, इतरांना त्यातून वगळूही शकते. शिवाय पाणी पुरवणे हे कर्नाटक नगरपालिका कायदा १९६४ प्रमाणे पालिकेचे कामच आहे. ‘स्वस्त विकतात’ एवढ्यावर कोर्टात काही हाती लागणार नाही.

हिशेबावर मात्र बोट ठेवता येते. आरओमध्ये निम्मे पाणी वाया जाते असे धरले, तरी एका कॅनला ४० लिटर कच्चे पाणी लागते. ते पालिकेला घरचेच. वीज पाणीपुरवठ्याच्या मीटरवर आणि मेम्ब्रेनची (पाणी गाळणाऱ्या पडद्याची) बदली दुरुस्तीच्या खात्यात टाकली, की पाच रुपयांतही नफा दिसतो. तोटा पाणीपट्टी भरणाऱ्यांच्या माथी! प्लांट ठेकेदाराकडे असेल तर केटीपीपी कायदा १९९९ (सरकारी खरेदीत पारदर्शकतेचा कर्नाटकचा कायदा) नुसार टेंडर निघाले होते का, नसेल तर कलम ४(जी) खालची सूट कुठे आहे, हे विचारा.

माहिती अधिकारात चारच कागद मागा : सभेचा ठराव, टेंडर नोटीस, करारपत्र आणि प्लांटच्या मीटरची वर्षाची बिले. ‘का केले?’ असले प्रश्न नकोत, त्यांना उत्तर मिळत नाही. फी दहा रुपये. अर्ज कन्नड, हिंदी किंवा इंग्रजीत करा. कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा असे म्हटले आहे, त्यामुळे आपल्याकडे मराठी अर्ज परत येऊ शकतो. ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील.

प्रश्न : खांबांवरून आमची इंटरनेटची केबल जाते. वीज वितरण करणाऱ्यांनीच उद्या इंटरनेट सुरू केले तर? (हुक्केरी)

उत्तर : करू शकतात. वीज कायदा २००३, कलम ५१. राज्याच्या वीज नियामक आयोगाला (केईआरसी) आधी कळवायचे, हिशेब वेगळा ठेवायचा आणि उत्पन्नाचा काही भाग वहन आकार (तारांतून वीज वाहून नेण्याचे शुल्क) कमी करण्यासाठी वापरायचा. कायद्याच्या आधीपासून वीज वितरण करणाऱ्या स्थानिक संस्थांना हे कलम लागू नाही. मुंबईची बेस्ट त्यात बसते. हुक्केरीची १९६९ ची वीज सहकारी संस्था मात्र पालिका नव्हे, त्यामुळे ही सवलत तिला नाही.

वीजदर ठरवण्याचा अर्ज आला की केईआरसीकडे लेखी हरकत घ्या. ‘आमच्या पोटावर पाय’ असे लिहिलेली हरकत बाजूला पडते. स्वतःच्या इंटरनेटला ते खांबाचे भाडे किती लावतात आणि तुम्हाला किती, हा आकडा मागा.