माशांचा एलसी५० १२ मिग्रॅ, तरी 'जलचरांसाठी विषारी' कसं?

प्रश्न: रसायनाच्या माहितीपत्रकात माशांचा ९६ तासांचा एलसी५० (निम्मे मासे मरतील इतकं पाण्यातलं प्रमाण) १२ मिग्रॅ/लिटर आहे, तरी 'जलचरांसाठी विषारी, दीर्घकाळ टिकणारे परिणाम' असा इशारा आहे. सांडपाण्यात गेलं तर धोका किती, हे कसं ठरवायचं?

उत्तर:

माशावर थांबू नका. मासा, डॅफ्निया (पाण्यातला बारीक पिसू) आणि शैवाल, तिघांत ज्याचा आकडा सर्वात कमी त्यावर वर्गीकरण ठरतं. तुमच्या पत्रकात डॅफ्निया किंवा शैवालासमोर बहुधा १ ते १० मधला, म्हणजे या इशाऱ्याच्या टप्प्यातला आकडा असेल, आणि पदार्थ लवकर विघटन न होणारा किंवा लॉग केओडब्ल्यू (पाण्यापेक्षा चरबीत किती विरघळतो त्याचं माप) ४ किंवा त्याहून वरचा असेल.

पण आकडा सापडला की मी आधी विचारतो: हे कॉन्सन्ट्रेशन टाकलेलं की मोजलेलं?

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे एक तेलकट पदार्थ डॅफ्नियाच्या टेस्टला आला. पाण्यात जेमतेम विरघळायचा. २४ तासांच्या आतली पिल्लं, प्रत्येक कॉन्सन्ट्रेशनला वीस, चार भांड्यांत पाच-पाच. ४८ तासांनी भांडं हलकेच हलवायचं आणि १५ सेकंदांत जी पोहत नाहीत ती मोजायची. १० मिग्रॅच्या भांड्यांतही सगळी मजेत पोहत होती. साहेब खूश. "ईसी५० दहाच्या वर, लिहून टाक." ईसी५० म्हणजे निम्मी पिल्लं पोहायची थांबतील ते प्रमाण.

मला मात्र भांडी रिकामी करताना काच बुळबुळीत लागली होती. जपून ठेवलेल्या सॅम्पलचं ॲनालिसिस करून घ्यायला दोन दिवस मागे लागलो. टाकलेले दहा, पाण्यात एकसुद्धा पुरता नाही. विष काचेनं पिऊन टाकलं आणि पदार्थाला चांगल्या वागणुकीचा दाखला मिळाला! साहेब म्हणाले, "गाइडलाइनमध्ये कुठे आहे असं?" आहे. टेस्टभर कॉन्सन्ट्रेशन २० टक्क्यांच्या फरकात टिकलं नाही, तर निकाल टाकलेल्या आकड्यावर देता येत नाही. पान उघडून समोर ठेवलं. रिपोर्ट माझ्या सहीशिवाय गेला.

तर तुमचं सांडपाणी. तिघांचेही अल्प मुदतीचे आकडे असतील तर सर्वात कमी आकड्याला १००० ने भागा. तो २ मिग्रॅ असेल तर निर्धोक पातळी २ मायक्रोग्रॅम/लिटर. मग नदी-नाल्याचा प्रवाह सगळ्यात कमी असतो त्या दिवसांत, पाण्यात मिसळल्यावर किती उरेल ते काढा आणि त्याला या पातळीनं भागा. एकाच्या वर गेलं तर सोडू नका. १००० हा अतिरेक आहे असं साहेबही म्हणायचे. मग तिघांच्या दीर्घ मुदतीच्या टेस्ट करा आणि १० ने भागा, कोण अडवतंय? टेस्टचे पैसेही वाचवायचे आणि भाजकही लहान हवा, असं चालत नाही.

हो, एक राहिलं. धातूचं संयुग असेल तर वरचं सगळं जसंच्या तसं लावू नका. तांबं मृदू पाण्यात जास्त मारक ठरतं. अमोनिया असेल तर पीएच आणि तापमान सांगितल्याशिवाय बोलूच नये. आणि समुद्रात सोडणार असाल तर १००० सुद्धा पुरत नाही.

पुरवठादाराकडे पूर्ण टेस्ट रिपोर्ट मागा. 'गाइडलाइनप्रमाणे केली' एवढंच उत्तर आलं तर ॲनालिसिसचं पान वेगळं मागा. आमच्या त्या रिपोर्टला ते जोडलेलं नव्हतं.