दुर्मिळ आजार: रक्ताचा थेंब जाऊ दे, रुग्ण कशाला?

मुलाला गौशर हा दुर्मिळ आजार आहे. दर पंधरा दिवसांनी सलाइनसाठी मुंबईला कसं जायचं? – एक आई, गोंदिया

दर वेळी जाऊ नका, पण नोंदणी मात्र मोठ्या केंद्रातच करावी लागेल. दुर्मिळ आजारांच्या २०२१च्या राष्ट्रीय धोरणानुसार ५० लाखांपर्यंतची मदत नेमलेल्या उत्कृष्टता केंद्रांमार्फतच मिळते. मुंबईचं केईएम रुग्णालय त्यातलंच. हैदराबादलाही केंद्र आहे, आणि तुम्हाला ते जवळ पडेल.

गौशरमध्ये एक एन्झाइम कमी पडतं, म्हणून पानथरी (प्लीहा) वाढते. ते एन्झाइम शिरेतून द्यायला फ्रिज, सराईत नर्स आणि रिअ‍ॅक्शन आली तर सांभाळणारा डॉक्टर लागतो. एवढं जिल्हा रुग्णालयात जमायला हवं. वजनानुसार डोस आणि सलाइनचा वेग केंद्राकडून लेखी घ्या, गोंदियात कुणाशी बोलायचं तेही त्यांनाच ठरवायला लावा. मूल वाढेल तसा डोस वाढतो, खर्चही. पैसे किती काळ पुरतील, हे आत्ताच विचारा.

एम्स, मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं असताना नागपुरात दुर्मिळ आजारांचं आणखी वेगळं केंद्र कशाला? – निवृत्त शिक्षक, धरमपेठ

इमारत नकोच, सर! गडचिरोलीहून येणाऱ्या बापाच्या प्लास्टिकच्या पिशवीत तीन दवाखान्यांच्या चिठ्ठ्या असतात, थायरॉइडचा रिपोर्ट दोनदा केलेला असतो आणि डिस्चार्ज कार्ड नेमकं घरी राहिलेलं असतं. मेंदूवाले एकीकडे, यकृतवाले दुसरीकडे. हवी ती आठवड्यातून एक एकत्र ओपीडी, जनुकीय समुपदेशक, तिन्ही ठिकाणी चालणारा एकच नोंदणी क्रमांक आणि फोन उचलणारा समन्वयक. हा शेवटचा माणूस सगळ्यात स्वस्त, आणि तोच कुठे नसतो.

तपासणीसाठी बाळाच्या टाचेतले रक्ताचे थेंब फिल्टर पेपरवर वाळवून टपालानेही पाठवता येतात. सिकलसेलने विदर्भाला हीच वाट दाखवली: गावात साधी सोल्युबिलिटी चाचणी (रक्तात सिकलसेलचं हिमोग्लोबिन आहे का, ते पाहणारी), पॉझिटिव्ह आली तर पुढची पक्की तपासणी. २०२३पासून राष्ट्रीय मोहीमही आहे. आशाताईंना ही साखळी पाठ आहे. त्याच साखळीला बाकीचे आजार जोडावेत.

मामाच्या मुलीशी लग्न ठरतंय. दोघांची सोल्युबिलिटी निगेटिव्ह आहे. पुरे ना? – एक तरुण, भंडारा

नाही. त्या चाचणीत थॅलेसेमिया या रक्ताच्या आजाराचा वाहक, म्हणजे स्वतः धडधाकट पण सदोष जनुक बाळगणारा माणूस, सुटतो. दोघांची एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी रक्ततपासणी) करा. दोघंही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. नात्यातल्या लग्नात इतर दुर्मिळ आजारांचा धोकाही थोडा वाढतो, म्हणून घरात लहानपणीच दगावलेली मुलं असतील तर समुपदेशकाला आवर्जून सांगा. हे सगळं साखरपुड्याआधी.